यू-टर्नच्या अपघातानंतर : भरपाई, कागदपत्रे आणि खर्चाचा हिशेब

महामार्गावर ढाब्यासमोर किंवा पेट्रोल पंपासमोर दुभाजकात फट असते. ती कधी सरकारी असते, तर कधी कुणीतरी फोडून केलेली. तिथून वळायला एखादी मोटार आडवी येते आणि सरळ चाललेली दुचाकी तिच्या दारावर आदळते. शहरात हेच सिग्नलपाशी, शाळेसमोर, सोसायटीच्या फाटकाबाहेर घडते. पुढच्या दहा मिनिटांत गर्दी जमते आणि दोन सल्ले हमखास मिळतात. एक म्हणतो, "जागेवर मिटवून टाका." दुसरा म्हणतो, "चांगला वकील बघा, बाकी तो बघून घेईल."

या दोन्ही सल्ल्यांआधी काही गोष्टी प्रत्येक वाहनचालकाला ठाऊक असायला हव्यात. अपघातग्रस्त कुटुंबाचा सर्वांत मोठा तोटा वकिलाच्या फीत क्वचितच होतो. तो होतो घाईने केलेल्या सहीमुळे, हुकलेल्या मुदतीमुळे आणि न जपलेल्या कागदांमुळे. कायद्याने दिलेली बरीच मदत फुकट आहे किंवा अगदी कमी खर्चाची आहे. ती कोणत्या क्रमाने घ्यायची, पैसे नेमके कुठे लागतात आणि कुणाला देऊ नयेत, ते पाहू.

पहिला दिवस

आधी माणूस, मग गाडी. पोलीस, रुग्णवाहिका अशा कोणत्याही तातडीच्या मदतीसाठी ११२, राज्याच्या मोफत रुग्णवाहिकेसाठी १०८ आणि राष्ट्रीय महामार्गावर असाल तर १०३३ हे क्रमांक लक्षात ठेवा. मोटार वाहन कायद्याच्या कलम १३४ नुसार जखमीला उपचार मिळवून देणे आणि पोलिसांना कळवणे ही चालकाची जबाबदारी आहे. जमाव अंगावर येत असेल तर जवळच्या पोलीस ठाण्यात जावे, पण पळून जाऊ नये.

केंद्र सरकारने मे २०२५ मध्ये अधिसूचित केलेल्या योजनेनुसार रस्ते अपघातातील प्रत्येक जखमीला अपघाताच्या दिवसापासून सात दिवस, दीड लाख रुपयांपर्यंत कॅशलेस उपचार मिळण्याचा हक्क आहे. चूक कुणाची, गाडीचा विमा होता की नाही, हे प्रश्न इथे येत नाहीत. हे उपचार योजनेतील नियुक्त रुग्णालयात मिळतात; इतर रुग्णालयात फक्त प्रकृती स्थिर होईपर्यंतचा उपचार योजनेत बसतो. म्हणून रुग्णवाहिकेतच विचारा, "योजनेतलं जवळचं रुग्णालय कोणतं?" दाखल करताना हा रस्ते अपघात असल्याचे स्पष्ट सांगा आणि एमएलसीची, म्हणजे वैद्यकीय-कायदेशीर प्रकरणाची नोंद झाली का ते पाहा. "घरात पाय घसरला" अशी नोंद झाली, तर पुढे विमा कंपनीचा वकील तोच कागद मोटार अपघात दावा न्यायाधिकरणापुढे ठेवतो.

मदतीला थांबलेल्या माणसाला पोलीस किंवा रुग्णालय नाव-पत्ता देण्याची सक्ती करू शकत नाही. कलम १३४अ त्याला संरक्षण देते. गंभीर जखमीला वेळेत रुग्णालयात नेणाऱ्यासाठी केंद्राच्या 'राह-वीर' योजनेत २५,००० रुपयांचे बक्षीसही आहे. तुमच्यासाठी थांबलेला हा माणूस पुढे सर्वांत मोलाचा साक्षीदार ठरू शकतो. त्याने राजीखुशीने दिला तर त्याचा फोन नंबर लिहून घ्या.

आता पुरावा. गाड्या बाजूला घेण्याआधी फोटो काढा. त्यात दोन्ही गाड्यांची रस्त्यावरची स्थिती, दुभाजकातील फट, 'यू-टर्न नाही' असा फलक असेल तर तो, ब्रेकचे व्रण आणि दोन्ही नंबरप्लेट यायला हव्यात. समोरच्या गाडीचा विमा चालू आहे का, हे एम-परिवहन ॲपवर नंबर टाकून पाहता येते. आसपासच्या दुकानांचे आणि सोसायट्यांचे सीसीटीव्ही चित्रण काही दिवसांत पुसले जाते. ते जपून ठेवण्यासाठी तपासी अंमलदाराला त्याच दिवशी लेखी अर्ज द्या आणि अर्जाच्या प्रतीवर पोहोच घ्या. या सगळ्याचा खर्च झेरॉक्सपुरता.

गुन्हा नोंदवताना

माणूस जखमी झाला असेल तर गुन्हा नोंदवलाच पाहिजे. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ नुसार अपघात कोणत्याही हद्दीत झाला तरी जवळच्या ठाण्यात फिर्याद देता येते. एफआयआरची प्रत फिर्यादीला विनामूल्य मिळते. ठाणे अंमलदाराने नोंद घ्यायला नकार दिला, तर पोलीस अधीक्षकांकडे लेखी तक्रार पाठवता येते आणि तिथेही दाद मिळाली नाही, तर न्यायदंडाधिकाऱ्यांकडे जाता येते.

जबाब देताना घटनाक्रम साध्या शब्दांत सांगा. कोणत्या बाजूने येत होतात, समोरच्या गाडीने इंडिकेटर दिला होता का, ती थांबून वळली की एकदम आडवी आली, हे त्यात आले पाहिजे. सहीआधी जबाब वाचून घ्या. जखमी बोलण्याच्या स्थितीत नसेल तर नातेवाइकांनी तर्काने काहीही सांगू नये.

आणि एक कळकळीची विनंती. माणूस जखमी असताना "आमची तक्रार नाही" अशा कागदावर पहिल्या दिवशी सही करू नका. डोक्याची आणि मणक्याची दुखापत कधी कधी दोन-चार दिवसांनी कळते. समोरच्याने दिलेले दहा-वीस हजार रुपये तोवर एक्स-रे, स्कॅनमध्येच संपलेले असतात.

चूक कुणाची?

यू-टर्न घेणारा नेहमीच शंभर टक्के दोषी, असा नियम नाही. पण जबाबदारीचे पारडे बहुतेक वेळा त्याच्याकडे झुकते. २०१७ च्या मोटार वाहन ड्रायव्हिंग विनियमांनुसार मनाई असलेल्या जागी यू-टर्न घेता येत नाही. जिथे परवानगी आहे तिथेही आधी इशारा द्यायचा, आरशात पाहायचे आणि रस्ता सुरक्षित असल्याची खात्री करूनच वळायचे, अशी अपेक्षा आहे.

सरळ येणाऱ्याचीही तपासणी होते. वेग मर्यादेपेक्षा जास्त होता का, दिवा बंद होता का, सिग्नल तोडला का, उलट्या दिशेने येत होता का, हे पाहिले जाते. यातून त्याची सहभागी निष्काळजी ठरली, तर तितके टक्के भरपाई कापली जाते. म्हणूनच घटनास्थळ पंचनामा आणि नकाशा महत्त्वाचे. नकाशात दुभाजकातील फट, दोन्ही गाड्यांची दिशा आणि धडकेची जागा दाखवली आहे का, हे जखमीच्या घरच्यांनी शक्य तितक्या लवकर पाहावे.

दुचाकीवर मागे बसलेल्याची, रिक्षातल्या प्रवाशाची गोष्ट वेगळी. अपघातात दोन्ही चालकांची चूक असली तरी प्रवाशाचा त्यात दोष नसतो. सर्वोच्च न्यायालयाने २०१५ च्या खेन्येई खटल्यात स्पष्ट केले आहे की, असा माणूस संपूर्ण भरपाई दोघांपैकी कोणाही एकाकडून वसूल करू शकतो.

फक्त गाडीचे नुकसान झाले असेल तर

बंपर फुटला, दार चेपले, माणसे सुखरूप आहेत. अशा वेळी लेखी समजुतीने प्रश्न मिटवणे योग्य ठरू शकते. त्याआधी विम्याचा हिशेब करा.

स्वतःच्या पॉलिसीतून दावा केला तर सक्तीची कपात मोटारीच्या इंजिनानुसार ठरते. १५०० सीसीपर्यंत १,००० आणि त्यावर २,००० रुपये. साध्या सर्वसमावेशक पॉलिसीत घसारा वेगळा कापतात. प्लास्टिक, रबर आणि बॅटरीवर ५० टक्के, फायबरग्लासवर ३० टक्के, काचेवर काहीच नाही, आणि पत्र्याच्या भागांवर गाडीच्या वयाप्रमाणे. 'झिरो डेप' कव्हर घेतले असेल तर बहुतेक भागांवर हा घसारा लागत नाही. सर्व्हेअरची फी विमा कंपनीने द्यायची असते. ती तुमच्याकडे कुणी मागू नये.

न दिसणारा खर्च 'नो क्लेम बोनस'चा. तो सवलतीच्या २०, २५, ३५, ४५, ५० टक्के अशा पायऱ्यांनी वाढतो आणि एका दाव्यात शून्यावर येतो. समजा, स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा वार्षिक हप्ता १०,००० रुपये आहे आणि या नूतनीकरणाला तुम्हाला ५० टक्के सवलत मिळणार होती. दावा केला तर या वर्षी ५,००० रुपये जातील. पुढच्या चार वर्षांत, हप्ता तेवढाच धरला तर, ३,०००, २,५००, १,५०० आणि ५०० रुपये जातील. एकूण १२,५०० रुपये. म्हणजे दुरुस्तीचे बिल आठ-दहा हजारांचे असेल, तर दावा करण्यापेक्षा खिशातून भरणे किंवा दोषी चालकाकडून घेणे स्वस्त. बिल साठ हजारांचे असेल तर दावाच करा. मध्ये कुठेतरी असेल तर गॅरेजकडून आधी लेखी अंदाज घ्या आणि हा हिशेब स्वतःच्या पॉलिसीच्या आकड्यांनी मांडा.

समोरच्याच्या थर्ड पार्टी विम्यातूनही गाडीचे नुकसान मागता येते. खासगी मोटारीच्या पॉलिसीत या नुकसानीची मर्यादा साधारणपणे ७.५ लाख, तर दुचाकीच्या पॉलिसीत १ लाख रुपये असते. पण तो मार्ग न्यायाधिकरणातून जातो आणि वेळ घेतो. किरकोळ दुरुस्तीसाठी तो परवडत नाही.

गाडी पोलिसांनी ताब्यात घेतली असेल तर आरटीओच्या मोटार वाहन निरीक्षकाकडून तपासणी झाल्यावर ती न्यायालयात अर्ज करून सुपूर्तनाम्यावर सोडवता येते. गाड्या ठाण्याच्या आवारात महिनोन्महिने गंजत ठेवू नयेत, असे सर्वोच्च न्यायालयाने २००२ च्या सुंदरभाई देसाई खटल्यात बजावले आहे. तो दाखला अर्जात द्या. इथे क्रेन आणि वकिलाच्या अर्जाचा खर्च येतो. दोन्हींची पावती मागा.

माणूस जखमी झाला किंवा दगावला असेल तर

भरपाईचे तीन मार्ग आहेत. आपण कोणत्या मार्गाने जात आहोत, हे सही करण्याआधी नीट समजून घ्या.

धडक देऊन गाडी पळाली आणि सापडलीच नाही, तर मोटार वाहन कायद्याच्या कलम १६१ खालची योजना लागू होते. मृत्यूसाठी २ लाख आणि गंभीर दुखापतीसाठी ५०,००० रुपये. अपघात जिथे झाला तिथल्या महसूल उपविभागाच्या किंवा तालुक्याच्या दावा चौकशी अधिकाऱ्याकडे, म्हणजे प्रांत किंवा तहसील कार्यालयात अर्ज करायचा असतो. यासाठी वकील लागत नाही.

गाडी सापडली आहे, पण चूक कुणाची हे सिद्ध करण्याच्या भानगडीत पडायचे नाही, तर कलम १६४. मृत्यूसाठी ५ लाख, गंभीर दुखापतीसाठी अडीच लाख रुपये, ठरावीक.

तिसरा मार्ग कलम १६६ चा. मोटार अपघात दावा न्यायाधिकरणापुढे प्रत्यक्ष नुकसानीइतकी भरपाई मागण्याचा. चालकाची निष्काळजी दाखवावी लागते, पण रकमेला कमाल मर्यादा नाही.

कलम १६४ ची रक्कम स्वीकारली की कलम १६६ खालचा दावा संपतो. कमावता माणूस गेला असेल किंवा कायमचे अपंगत्व आले असेल, तर ५ किंवा अडीच लाखांच्या धनादेशावर समाधान मानण्याआधी पूर्ण भरपाई किती होते, ते कागदावर मांडून पाहा.

रक्कम कशी निघते?

ती वकिलाच्या बोलण्यावर ठरत नाही. सर्वोच्च न्यायालयाने २००९ च्या सरला वर्मा आणि २०१७ च्या प्रणय सेठी या निकालांत सूत्र घालून दिले आहे. वार्षिक उत्पन्न घ्यायचे आणि भविष्यातल्या वाढीची टक्केवारी त्यात मिळवायची. चाळिशीच्या आतल्या स्वयंरोजगारी माणसासाठी ४० टक्के, कायम नोकरीतल्या माणसासाठी ५० टक्के. मग वयाप्रमाणे ठरलेल्या गुणकाने गुणायचे. ३१ ते ३५ वयासाठी गुणक १६, ३६ ते ४० साठी १५, ४१ ते ४५ साठी १४, ५१ ते ५५ साठी ११.

उदाहरण घेऊ. ३८ वर्षांचा, महिना २५,००० रुपये कमावणारा दुकानदार अपघातात गेला. मागे पत्नी, दोन मुले आणि आई. वार्षिक उत्पन्न ३ लाख, ४० टक्के वाढीसह ४ लाख २० हजार. चार अवलंबित असल्याने त्याच्या स्वतःच्या खर्चापोटी चौथा भाग वजा. राहिले ३ लाख १५ हजार. गुणिले १५, म्हणजे ४७ लाख २५ हजार रुपये. त्यात अंत्यसंस्कार, मालमत्तेची हानी आणि सहवासाची हानी यांच्या रकमा मिळवायच्या. २०१७ मध्ये त्या अनुक्रमे १५,०००, १५,००० आणि ४०,००० ठरल्या आणि दर तीन वर्षांनी त्यांत १० टक्के वाढ सांगितली आहे. आता या आकड्याशेजारी कलम १६४ चे ५ लाख ठेवून पाहा.

दुसरे उदाहरण जखमीचे. ३४ वर्षांचा डिलिव्हरी करणारा तरुण, महिना ३०,००० रुपये. पाय मोडून कामाची क्षमता २० टक्के कमी झाली. ३ लाख ६० हजार, वाढीसह ५ लाख ४ हजार. गुणिले १६, त्याचे २० टक्के. होतात १६,१२,८०० रुपये. औषधोपचार, बुडालेला पगार, वेदना यांची रक्कम वेगळी. मात्र न्यायाधिकरणाने त्याची २५ टक्के चूक धरली, तर याच रकमेतून ४,०३,२०० रुपये जातात. ज्या फोटोला आणि सीसीटीव्हीला पहिल्या दिवशी काही खर्च आला नसता, त्याची ही किंमत.

अपंगत्वाच्या प्रमाणपत्रावरची टक्केवारी आणि कामाच्या क्षमतेतील घट या वेगळ्या गोष्टी आहेत. २०१० च्या राजकुमार खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, दुखापतीचा त्या माणसाच्या कमाईवर काय परिणाम झाला, ते पाहायचे. बोट गेलेल्या कारकुनाचे आणि बोट गेलेल्या शिंप्याचे नुकसान सारखे नसते. म्हणून आपले काम काय होते, ते डॉक्टरांना आणि न्यायाधिकरणाला तपशिलात सांगा. पगाराची स्लिप, बँकेचे उतारे, आयकर विवरणपत्र, दुकानाचा परवाना, आडत्याच्या पट्ट्या असे उत्पन्नाचे जे पुरावे असतील ते गोळा करा.

मुदती

कलम १६६(३) नुसार अपघातापासून सहा महिन्यांत दावा दाखल करायचा आहे. ही तरतूद १ एप्रिल २०२२ पासून लागू झाली. तिला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिले गेले आहे, पण त्या भरवशावर राहू नका. दावा अपघाताच्या ठिकाणी, तुम्ही राहता त्या ठिकाणी किंवा प्रतिवादी राहतो त्या ठिकाणी दाखल करता येतो. लातूरच्या माणसाचा अपघात ठाण्यात झाला, तर दावा लातूरला चालू शकतो. प्रवासाचा खर्च आणि बुडणारी रोजंदारी दोन्ही वाचतात.

पोलिसांनाही मुदती आहेत. पहिला अपघात अहवाल ४८ तासांत, अंतरिम अहवाल ५० दिवसांत आणि सविस्तर अहवाल ९० दिवसांत न्यायाधिकरणाकडे जायला हवा. २०२२ च्या गोहर मोहम्मद खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने यांचे पालन करण्याचे निर्देश दिले आहेत. सविस्तर अहवाल गेल्यावर विमा कंपनीच्या नियुक्त अधिकाऱ्याने ३० दिवसांत आपला निर्णय कळवायचा असतो. तपासी अंमलदाराला भेटून "अहवाल कुठवर आला?" असे विचारणे हा तुमचा हक्क आहे.

निकाल पटला नाही तर ९० दिवसांत उच्च न्यायालयात अपील करता येते. मात्र वादातील रक्कम एक लाखापेक्षा कमी असेल तर अपील नाही.

वकिलाची फी

दावा आपला आपणही मांडता येतो; पण मृत्यू, कायमचे अपंगत्व किंवा चुकीबद्दल वाद असेल, तर न्यायाधिकरणात नियमित काम करणारा वकील घ्यावा. फीचा सरकारी दर नाही. शहर, प्रकरण आणि अनुभव यांवर ती ठरते. म्हणून दोन-तीन वकिलांना भेटा आणि हे प्रश्न विचारा. एकूण फी किती आणि किती टप्प्यांत? टायपिंग, न्यायालयीन शुल्क, डॉक्टरांच्या साक्षीचा खर्च यात धरला आहे का? तारखांना स्वतः येणार की कनिष्ठ? अपिलाची फी वेगळी का? उत्तरे लिहून घ्या आणि प्रत्येक रकमेची पावती घ्या.

भरपाईतला टक्का मागणाऱ्याला ठाम नकार द्या. बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या नियमांनुसार खटल्याच्या निकालावर अवलंबून फी ठरवणे किंवा मिळणाऱ्या रकमेत वाटा घेण्याचा करार करणे वकिलाला मना आहे. रुग्णालयाच्या दारात कार्ड देणारे, "एक रुपया देऊ नका, निकालानंतर तीस टक्के द्या" म्हणणारे दलाल दुःखात बुडालेल्या घराला सोपे वाटतात. मघाच्या उदाहरणातले ४७ लाख घ्या. तीस टक्के म्हणजे १४ लाखांहून जास्त. तो पैसा दोन मुलांच्या शिक्षणाचा आहे. कोऱ्या कागदावर, कोऱ्या धनादेशावर सही करू नका आणि मूळ कागद कुणाच्या ताब्यात देऊन बसू नका. एटीएम कार्ड आणि पासबुक स्वतःजवळच ठेवा.

वकील फुकट मिळू शकतो

विधी सेवा प्राधिकरण कायद्यानुसार स्त्रिया, मुले, अनुसूचित जाती-जमातीच्या व्यक्ती, अपंग आणि औद्योगिक कामगार यांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. इतरांसाठी महाराष्ट्रात वार्षिक ३ लाख रुपयांची उत्पन्नमर्यादा आहे. अपघातात पती गमावलेली कोणतीही स्त्री या मदतीला पात्र आहे, ती नोकरी करणारी असली तरी. न्यायालयीन शुल्कासारखे खर्चही यात येतात. जिल्हा न्यायालयाच्या आवारातील जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात किंवा तालुका विधी सेवा समितीकडे अर्ज करा, अथवा १५१०० वर फोन करा.

लोकअदालतीत तडजोड झाली तर भरलेले न्यायालयीन शुल्क परत मिळते आणि पैसे लवकर हाती येतात. पण त्या निवाड्यावर अपील नाही. सूत्राने निघालेला आकडा खिशात ठेवूनच तडजोडीला बसा.

विमा कंपनीने नकार दिला तर

इथे दोन प्रकार वेगळे ठेवा. दुसऱ्याच्या विमा कंपनीकडून मागितलेली भरपाई न्यायाधिकरणातच ठरते. स्वतःच्या पॉलिसीचा दावा नाकारला गेला, तर आधी कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला लिहा. महिनाभरात उत्तर आले नाही किंवा पटले नाही, तर एक वर्षाच्या आत विमा लोकपालांकडे जा. मुंबई आणि पुण्यात त्यांची कार्यालये आहेत. ५० लाखांपर्यंतच्या तक्रारी ते ऐकतात, शुल्क नाही आणि वकीलही लागत नाही.

ग्राहक आयोगाचा मार्गही आहे. तिथले शुल्क तुम्ही भरलेल्या मोबदल्यावर, म्हणजे हप्त्यावर ठरते आणि ५ लाखांपर्यंतच्या मोबदल्याला ते शून्य आहे. तक्रार दोन वर्षांत करायची.

यू-टर्न तुम्हीच घेतला असेल तर

जखमीला मदत करा, पोलिसांना आणि विमा कंपनीला लगेच कळवा. कंपनीच्या लेखी संमतीशिवाय चूक कबूल करून भरपाईचे वचन देऊ नका. पॉलिसीची तशी अट असते. निष्काळजीने गंभीर दुखापत झाली तर भारतीय न्याय संहितेच्या कलम १२५ खाली तीन वर्षांपर्यंत, मृत्यू झाला तर कलम १०६ खाली पाच वर्षांपर्यंत शिक्षा होऊ शकते. हा फौजदारी खटला विमा कंपनी लढत नाही. त्यासाठी वकील स्वतःच करावा लागतो.

गाडीचा विमा नसेल तर पहिल्या गुन्ह्याला २,००० रुपये दंड किंवा तीन महिने कैद किंवा दोन्ही होऊ शकतात. पण खरे संकट पुढे आहे. संपूर्ण भरपाई मालकाच्या घरादारावर येते आणि पुरेशी हमी दिल्याशिवाय गाडीही सुटत नाही. जून २०२२ पासूनच्या दरांनुसार १००० सीसीपर्यंतच्या मोटारीचा वार्षिक थर्ड पार्टी हप्ता २,०९४ रुपये, १५०० सीसीपर्यंत ३,४१६ रुपये आणि ७५ ते १५० सीसीच्या दुचाकीचा ७१४ रुपये. जीएसटी वेगळा. शेजारी ४७ लाखांची भरपाई लिहा, म्हणजे हप्ता चुकवून काय वाचते ते कळेल.

फक्त थर्ड पार्टी विमा असलेल्या खासगी मोटारीतील प्रवाशांना आणि दुचाकीवर मागे बसलेल्याला त्या विम्याचे संरक्षण मिळत नाही. कुटुंबाला घेऊन फिरत असाल तर सर्वसमावेशक पॉलिसी घ्या. चूक पूर्णपणे आपली असेल तर आपल्या जखमेसाठी कलम १६६ कामाला येत नाही. तिथे उपयोगी पडते ते १५ लाखांचे मालक-चालक वैयक्तिक अपघात कव्हर. पैसे वाचवायला तेवढी ओळ पॉलिसीतून काढून टाकू नका.

थोडक्यात हिशेब

रुग्णवाहिका १०८ : मोफत.
पहिल्या सात दिवसांचे उपचार : योजनेतील रुग्णालयात दीड लाखापर्यंत मोफत.
एफआयआरची प्रत : फिर्यादीला मोफत.
कलम १६१ चा अर्ज : वकिलाशिवाय.
विमा लोकपाल : मोफत.
ग्राहक आयोग : ५ लाखांपर्यंतच्या मोबदल्याला शुल्क नाही.
विधी सेवा प्राधिकरणाचा वकील : पात्र व्यक्तीला मोफत.
खासगी वकील : लेखी ठरवलेली फी, टक्का नाही.
गाडीचा दावा : सक्तीची कपात, घसारा आणि गेलेला नो क्लेम बोनस.

आज घरी गेल्यावर तीन गोष्टी करा. गाडीच्या पॉलिसीची शेवटची तारीख पाहा, वैयक्तिक अपघात कव्हर आहे का ते तपासा आणि ११२, १०८, १०३३, १५१०० हे चार क्रमांक घरातल्या प्रत्येकाच्या फोनमध्ये घाला. आणि ओळखीत कुणाच्या घरी असा अपघात झाला, तर समाचाराला जाताना एवढे नक्की सांगा : सहा महिन्यांच्या आत दावा दाखल करा, आणि पूर्ण हिशेब मांडल्याशिवाय कुठेही सही करू नका.